शिक्काबाई दार लावून घेतात

माझ्या वहिनीला आमचा अख्खा भाग शिक्काबाई म्हणतो. ती नोटरी आहे. कागदावर सही करणारा माणूस तोच आहे, शुद्धीत आहे आणि स्वतःच्या मर्जीने सही करतो आहे, हे डोळ्यांनी बघायचं आणि खाली आपला शिक्का मारायचा, हे तिचं काम. बाकीचे नोटरी कोर्टाच्या फाटकाजवळ टेबल टाकून बसतात आणि लोक त्यांच्याकडे जातात. वहिनी लोकांच्या घरी जाते. ज्यांना जिना उतरता येत नाही, ज्यांच्या नाकात नळी आहे, जे पलंगावरून खाली पाय ठेवू शकत नाहीत, अशांच्या घरी. घरी जाणाऱ्या माणसाचं तिथे काय काय होतं हे कुणी विचारत नाही, म्हणून मी सांगणार आहे. मला राग आलेला आहे, हेही आधीच सांगते. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून माझा राग साठतो आणि घरी आल्यावर सांडतो, असं दादाचं मत आहे. दादा म्हणजे माझा भाऊ, वहिनीचा नवरा. तो स्वतः फारसा बोलत नाही. त्याच्या वाट्याचं बोलणंही मीच उरकते.

कुत्र्यापासून सुरुवात करते. "काही करत नाही तो," हे वाक्य मी जगातल्या सगळ्या कुत्रेवाल्यांच्या तोंडून ऐकलं आहे. अहो, तुम्हाला काही करत नसेल! रोज तुमच्या हातचं खातो, तुमच्या पलंगाखाली झोपतो, तो तुम्हाला कशाला काही करेल? पण काळी बॅग घेतलेली अनोळखी बाई घरात शिरते, थेट आजोबांच्या खोलीत जाते, दार लावते आणि आजोबांचा हात धरते, तेव्हा त्या मुक्या जनावराने काय समजायचं? वहिनीच्या उजव्या पोटरीवर दातांची खूण आहे. तो चावला तेव्हा मालकीण काय म्हणाली असेल? "अगंबाई, असं कधी करत नाही हो तो. तुम्ही घाबरलात ना, म्हणून." म्हणजे चूक पोटरीची.

कुत्रं निदान दिसतं तरी. खोकला दिसत नाही. एका घरी गृहस्थ अंथरुणाला खिळलेले होते, आवाज इतका खोल गेलेला की वहिनीला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला. बराच वेळ ती तशीच वाकून त्यांचं ऐकत होती. मग त्यांचा अंगठा स्वतःच्या हातात धरून शाईवर टेकवला, कागदावर उमटवला, कापसाने पुसला. काम उरकून बाहेर आली तर सूनबाई जेवणाचं ताट घेऊन आत निघालेल्या, नाकातोंडाला घट्ट फडकं बांधून. वहिनीने विचारलं तेव्हा कुठे कळलं की क्षय आहे. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात ना," असं मुलगा अगदी समजूतदार चेहऱ्याने म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली हे ऐकून. ती आली असती हो! तोंडाला पट्टी लावून आली असती, खिडकी उघडून बसली असती, एवढाच फरक. त्यानंतर कितीतरी दिवस तपासण्या, छातीचे फोटो आणि आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला. निघालं काही नाही. पण ते आमच्या नशिबाने, त्या मुलाच्या कृपेने नव्हे.

आणखी किती सांगू? एका खोलीत प्राणवायूचा सिलिंडर चालू आणि जावईबापू खिडकीत उभे राहून सिगारेट ओढताहेत. एका जिन्याचा दिवा वर्षानुवर्षं गेलेला, आणि त्याच्या मधल्या पायरीवर कुणीतरी रंगाचे डबे रचून ठेवलेले. पाहुणी येणार म्हणून नुकतीच पुसलेली फरशी आणि तिच्यावर वहिनी अनवाणी, कारण चपला दाराबाहेर काढायच्या. या चपलांवरून आमचं कितीदा वाजलं आहे. दुसऱ्याच्या घरात काही वाकडं झालं तर पळायचं कसं, अनवाणी? मी हे म्हटलं की वहिनी हसायची. चिडवायचं असलं की ती मला मुद्दाम जुन्या पद्धतीने 'वन्सं' म्हणते. "वन्सं, मी कागदावर शिक्का मारायला जाते, लढाईवर नाही."

आता तिची काम करण्याची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळेच घडलं. वहिनी सही करणाऱ्या माणसाच्या खोलीत जाते आणि बाकीच्या सगळ्यांना बाहेर काढते. मुलगा, सून, भाचा, शेजारी, सगळे बाहेर. मग दार लावून घेते. घरच्यांना हे अजिबात आवडत नाही. "आमच्यापासून काय लपवायचंय?" म्हणून नाकं मुरडतात. वहिनी पलंगाजवळ बसते, कागद वाचून दाखवत नाही, उलट त्या माणसालाच विचारते, की यात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा बरं. माणूस सांगतो. कधी बरोबर सांगतो, कधी म्हणतो की विजेच्या मीटरचा कागद आहे, आणि वहिनीच्या मांडीवर असतं त्याच्या राहत्या घराचं मुखत्यारपत्र. आणि कधी कधी तो रडायला लागतो.

अशा वेळी खरी पंचाईत असते. सही होणार नाही हे वहिनीने ठरवलेलं असतं, पण बाहेर घरचे दाराला कान लावून उभे असतात. ती बाहेर येऊन "यांची इच्छा नाही" म्हणाली तर ती स्वतः निघून जाईल, पण तो माणूस तिथेच राहणार. त्याच माणसांच्या हातचं जेवणार, त्यांनी उठवलं तर उठणार. म्हणून वहिनीने एक थाप ठरवून ठेवली होती. दार उघडायचं, कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचं, "काय बाई मी तरी! पॅडची शाई वाळली आहे. आता परत यावं लागेल." सगळा वेंधळेपणा स्वतःच्या अंगावर घ्यायचा. घरचे चडफडायचे, "यांना साधी शाई सांभाळता येत नाही" म्हणायचे, पण पलंगावरच्या माणसाला कुणी काही बोलायचं नाही. खाली उतरल्यावर ती त्याच्या एखाद्या दुसऱ्या नातेवाइकाला गाठायची, नाहीतर वृद्धांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात फोन करायची. अर्ध्या गावाचं मत आहे की शिक्काबाई चांगल्या आहेत पण विसरभोळ्या आहेत. मला त्याचाही राग यायचा. वहिनी आमच्या घरातल्या डब्यातला एक लवंगेचा दाणा विसरत नाही.

तर त्या दिवशी ती एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरी गेली. पुढचं मला तिने सांगितलं आणि थोडं खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. घर एका आजींचं. नवऱ्याच्या मागे त्यांच्याच नावावर झालेलं. आजींचे पाय पूर्ण गेलेले. बरोबर मुलगा राहतो, तो फरशा बसवायची कंत्राटं घेतो. आपण त्याला फरशीवाला म्हणू. आईने घराचे सगळे व्यवहार, अगदी विक्रीसकट, मुलाच्या हाती द्यायचे, असं मुखत्यारपत्र त्याने टाइप करून तयार ठेवलं होतं. वहिनीने चपला बाहेर काढल्या, आत गेली, फरशीवाल्याला खोलीबाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं.

आजी रडल्याबिडल्या नाहीत. त्यांनी वहिनीकडे नीट बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "घर विकायचा कागद आहे. मला कुठेतरी ठेवणार आहे तो. मला सही करायची नाही, पण मी नाही म्हटलं असं त्याला सांगू नका."

वहिनीने त्यांचा हात थोपटला. दार उघडून बाहेर आली, कपाळाला हात लावला आणि शाई वाळल्याचं सांगितलं.

"एवढंच ना?" फरशीवाला म्हणाला. "थांबा." आणि त्याने कपाटातून शाईची भरलेली बाटली काढून टेबलावर ठेवली. त्याला स्वतःच्या बिलांवर शिक्के मारावे लागतात, त्याच्याकडे शाई असणारच की! इतक्या वर्षांत कुणाच्या घरी शाईची बाटली निघाली नव्हती. वहिनी क्षणभर गडबडली. तिला खोटं बोलायची सवय एकाच वाक्याची होती, दुसरं वाक्य तयार नव्हतं. "माझ्या शिक्क्याला वेगळी शाई लागते," असं काहीतरी ती पुटपुटली.

फरशीवाला हसला. "मॅडम, मी खुळा आहे का? आई काय म्हणाली आत?"

"काही नाही. त्या दमल्यात. मी पुन्हा येते."

"आज झाल्याशिवाय जायचं नाही." तो उठून बाहेरच्या दारापाशी गेला आणि पाठ टेकून उभा राहिला. ओरडला नाही, अंगाला हात लावला नाही. "तुम्ही आरामात बसा. शिक्का मारा आणि जा. मला काय घाई नाही."

माझी वहिनी पन्नाशी उलटलेली, रक्तदाबाची गोळी घेणारी बाई आहे. समोर पोती उचलणारा माणूस. फोन बॅगेत, बॅगेला हात घातला की तो म्हणणार, चला, शिक्का काढताय ना! तिने मला नंतर सांगितलं की त्या वेळी पहिल्यांदा तिच्या मनात आलं, मारावा शिक्का आणि सुटावं. एवढ्यात आतून आजींचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अरे, सोड त्यांना. मी करते सही. आण तो कागद इकडे. त्यांना जाऊ दे."

हे मला वहिनीने सांगितलं तेव्हा मी हातातलं काम टाकून रडले. विचार करा. पलंगावरून उठता न येणारी बाई, घर जाणार हे पक्कं ठाऊक असलेली, परक्या शिक्केवालीला वाचवायला स्वतःचं घर द्यायला निघाली. आणि हा तिचा मुलगा दाराला पाठ लावून उभा! त्याला लाज वाटली का? छे. त्याने मान डोलावली आणि कागद घेऊन आत निघाला.

तो दारापासून हलला तशी वहिनी उठली. "आजी, सही करू नका," एवढं मोठ्याने ओरडली, कडी काढली आणि बॅग घेऊन अनवाणी जिन्याकडे धावली. तो मागे आला. वरच्या दोन पायऱ्या उतरेपर्यंत त्याने बॅगेचा पट्टा धरला. "बॅग ठेवून जा," म्हणाला. वहिनीचा एक हात कठड्यावर होता आणि एक बॅगेवर. तिने कठडा सोडला. दोन्ही हातांनी बॅग पोटाशी धरली आणि ओढली. पट्टा तुटला आणि ती तशीच, बॅगेला मिठी मारून, खालच्या वळणापर्यंत गडगडत गेली.

शिवणकामवाल्या बाई आवाज ऐकून मशीन सोडून धावत आल्या. वर फरशीवाला हातात तुटका पट्टा घेऊन उभा. "काय झालं काय माहीत," तो म्हणाला. "मी धरायला गेलो तोवर पडल्या." बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी वहिनीच्या डोक्याखाली कापडाचा तागा ठेवला, गाडी बोलावली आणि मला फोन केला.

उजव्या दंडाचं हाड मोडलं. सही करायचा हात. गुडघ्याला टाके. दवाखान्यात मी पोचले तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि बॅग अजून डाव्या काखेत होती, नर्सलाही देत नव्हती. मला ते बघून इतका संताप आला की मी आजारी माणसासमोर ओरडले. "अगं, कठडा कशाला सोडलास? फेकायचीस ना बॅग त्याच्या तोंडावर! शिक्का काय, दुसरा करून मिळाला असता. मान मोडली असती तर दादाला काय सांगितलं असतं मी?"

"शिक्का त्याच्याकडे राहिला असता," वहिनी म्हणाली.

"मग राहू दे!"

"अगं, मग त्यानेच मारला असता. आजींची सही त्याने घेतलीच असती, खाली माझी सही गिरवून माझा शिक्का. मग मी कितीही बोंब मारली तरी कागद खरा." एवढं बोलून ती दमली आणि तिने डोळे मिटले. दादा पायाशी उभा होता. त्याने तिच्या काखेतून बॅग अलगद सोडवून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून बसला. त्या दिवशी तोही कुणाला बॅगेला हात लावू देत नव्हता.

आम्ही पोलिसांत गेलो. त्यांनी लिहून घेतलं. जिन्यात तिसरं कुणी नव्हतं, तो म्हणतो धरायला गेलो, ही म्हणते ओढलं. बघू, म्हणाले.

आणि मग जे झालं त्याने माझं डोकं फिरायचंच बाकी राहिलं. फरशीवाल्याने नोटरींच्या संघटनेकडे उलटी तक्रार केली! काय, तर या बाईंनी आमच्या आजारी आईला खोलीत कोंडून घाबरवलं, काम न करताच पळ काढला, आणि पळताना स्वतःच पडल्या. यांचा परवाना काढून घ्या. वहिनीला बोलावणं आलं. मी तिला धरून घेऊन गेले. संघटनेचे सचिव मोठ्या टेबलामागे, पंख्याखाली बसले होते. माझ्या वहिनीचा गळ्यात अडकवलेला हात बघून ते काय म्हणाले असतील? "पण बाई, तुम्ही लोकांच्या घरी जाताच कशाला?"

मी उभीच राहिले. "अहो, ज्यांना चालता येत नाही त्यांनी काय करायचं? पलंगासकट यायचं का तुमच्या दारात?"

वहिनीने डाव्या हाताने माझा पदर ओढून मला खाली बसवलं. सचिवांनी खाकरून घसा साफ केला आणि तोडगा सुचवला. वहिनीने दिलगिरीचे दोन शब्द लिहून द्यावेत, तो तक्रार मागे घेईल, वाढवण्यात अर्थ नाही. "आणि ही दार लावायची पद्धत बंद करा. घरचे लोक बिथरतात. कायद्यात कुठे लिहिलंय दार लावा म्हणून?"

"दार उघडं ठेवलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या का?" वहिनीने शांतपणे विचारलं.

ते सचिवांना ऐकू आलं नसावं, किंवा आलं असेल तरी त्यांनी पुढचा कागद उचलला. वहिनीला परवान्याची भीती नव्हती असं नाही. तिच्या कमाईवर आमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टी चालतात. पण ती दिलगिरी लिहून द्यायला तयार नव्हती, कारण तिच्या दिलगिरीचा अर्थ असा झाला असता की आजी नाही म्हणाल्याच नाहीत. आणि फरशीवाला दुसरा कुणी नोटरी शोधणार, जो दार लावून घेत नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. रात्री तिला हाताच्या ठणक्याने झोप लागत नसे, आणि ठणका कमी झाला की आजींच्या काळजीने लागत नसे.

"आजींनाच विचारा की," ती सचिवांना म्हणाली. "त्यांचा जबाब घ्या. तक्रार त्यांच्याच मुलाची आहे, तो जबाब घेऊ देणार नाही असं कसं म्हणेल?"

हे बरोबर होतं. सचिवांनाही नाही म्हणता येईना. पण आजी तर खाली येऊ शकत नव्हत्या. कुणीतरी वर जायला हवं होतं, आणि त्या घरी जायला एकही नोटरी तयार होईना. एकाला पाहुणे येणार होते, एकाला कंबरदुखी सुरू झाली, एक तर सरळ म्हणाला की मला बायकोमुलं आहेत. वहिनीला काय घरदार नाही का? तिला घरोघरी पाठवताना कुणाला तिची बायकोमुलं, आय मीन, तिचा नवरा आणि नणंद आठवली नव्हती. रागात माझी जीभ अशी घसरते.

शेवटी एक वयस्क वकील, तेही नोटरीच, हो म्हणाले. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, घरी जाणं त्यांनी कधीच सोडलेलं. "मी चढेन," ते म्हणाले, "पण एकटा जाणार नाही. जाताना दोघं हवेत. एक आत, एक दाराबाहेर. इतकी साधी गोष्ट आजवर कुणी का केली नाही कोण जाणे." दाराबाहेर कोण उभं राहणार, असं त्यांनी विचारलं. मी दुकानातून सुटी काढली.

निघण्याआधी वहिनीने मला शिवणकामवाल्या बाईंना भेटायला सांगितलं. त्यांच्याकडून कळलं की आजींना एक धाकटी बहीण आहे, शेजारच्या गावात, आणि फरशीवाल्याने तिचं येणं तोडलंय. बाईंनी तिला फोन लावला. बहिणीने पुढचं काहीही न विचारता दुपारची बस धरते म्हणून सांगितलं.

वकीलसाहेब प्रत्येक वळणावर थांबून गुडघ्यांशी बोलत होते. जिथे वहिनी पडली होती तिथे मी थांबले नाही. फरशीवाल्याने दार उघडलं. अंगाने मोठा, पण चेहरा साधाच, माझ्या काउंटरवर चष्मा घ्यायला आला असता तर मी त्याला खुर्ची दिली असती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "चपला बाहेर," तो म्हणाला. मी तशीच आत गेले.

वकीलसाहेब आजींच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. फरशीवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वहिनी इतकी वर्षं या असल्या खोल्यांमध्ये एकटी जात होती, या विचाराने मला तिचा राग आला, कौतुक वाटलं, आणि पुन्हा राग आला.

"काय विचारतात एवढं?" तो म्हणाला.

"तुमच्या आईला काय हवंय ते."

"मला विचारा ना. मी सांगतो."

"म्हणून तर दार लावलंय," मी म्हटलं.

आत आधी पुटपुटणं चाललं होतं. मग वकीलसाहेबांचा आवाज आला, त्यांना थोडं कमी ऐकू येतं म्हणून ते मोठ्यानेच बोलतात, "आजी, नीट सांगा, त्या बाईंनी तुम्हाला घाबरवलं का?" आणि आजी हळू बोलल्या नाहीत. दाराच्या लाकडातून, माझ्या पाठीतून आल्यासारखा आवाज आला.

"मला त्यांनी नाही घाबरवलं. माझ्या मुलाने त्यांना घाबरवलं. मला हे घर विकायचं नाही. मी त्या दिवशीही नाहीच म्हटलं होतं."

फरशीवाल्याचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं तो दार फोडेल. तो टेबलाजवळच्या खुर्चीत बसला आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला.

काम झालं. जबाब लिहून झाला, आजींची सही झाली, वकीलसाहेबांनी शिक्का मारला. ते बाहेर आले आणि मला डोळ्यांनी खूण केली, चला. मी दोन पावलं टाकलीसुद्धा. आणि मग मला वहिनीची ती इतक्या वर्षांची थाप उमगली, ती का मारत होती ते. आम्ही आता जिना उतरणार. वकीलसाहेब गुडघे चोळत घरी जाणार, मी वहिनीला सगळं रंगवून सांगणार. आणि या बाई, ज्यांनी इतक्या मोठ्याने नाही म्हटलं, त्या इथेच राहणार, याच्याबरोबर. बहिणीची बस यायला अजून वेळ होता.

मी वकीलसाहेबांना म्हटलं, तुम्ही उतरा सावकाश, खाली शिवणकामवाल्या बाईंकडे बसा. मग भिंतीजवळची खुर्ची ओढली, आजींच्या दारात, उंबऱ्यापाशी ठेवली आणि बसले.

फरशीवाल्याने मान वर केली. "तुमचं काम झालं ना?"

"त्यांचं झालं," मी म्हटलं. "माझं नाही."

"म्हणजे कधी जाणार तुम्ही?"

मी खुर्चीत नीट टेकून बसले. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. मग माझ्या मागून, पलंगावरून आजींचा आवाज आला. त्यात भीती नव्हती, फक्त एक जुनी, घरातली कुरकुर होती. लहानपणी शंभरदा सांगूनही न ऐकणाऱ्या मुलाला आई सांगते तशी.

"अरे, घरात पाहुणी आली आहे. पाणी दे त्यांना."

आणि तो उठला.